बंबाला लागलेली बोली

विळी हे हत्यार आहे, हे मला आयुष्यात पहिल्यांदा एका वेबसाइटने सांगितलं. चांगली फणसाच्या लाकडाची, पितळी फुलं ठोकलेली जुनी विळी होती. मी हौसेने चारही बाजूंनी फोटो काढले, लिलावाला लावली, आणि मिनिटाभरात लाल अक्षरांत उत्तर आलं, 'धारदार शस्त्रांच्या विक्रीस परवानगी नाही.' मी नवऱ्याला हाक मारली. विलासने चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाला, "गो, इतकी वर्सां तू शस्त्र घेऊन माझ्यासमोर बसतंस, माका म्हायतच नाय!"

शेवटी मी तिचं नाव 'खोबरं किसायचं लाकडी आसन' असं लिहिलं. लगेच पास! पार्ल्याच्या एका बाईंनी घेतली आणि अभिप्राय टाकला, 'विळी झकास आहे, पण तुम्ही हिला आसन का म्हणता?'

तर असा माझा धंदा. मी जुनी तांब्या-पितळेची भांडी नेटवर लिलावाने विकते. आधी अंधेरीला एका एक्स्पोर्ट कंपनीत पॅकिंगला होते. कंपनी बंद पडली आणि हातात एकच विद्या उरली, फुटणारी आणि पोचे पडणारी वस्तू जगात कुठेही धड पोहोचवायची. दहिसरला आमचं बैठं घर आहे, पुढे ओटा आणि हातभर अंगण. तिथे चिंच-मीठ लावून घासायचं, उन्हात ठेवायचं, फोटो काढायचे.

ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांच्यासाठी सांगते. साइटवर वस्तू टाकली की तिला मुदत असते. लोक टोपणनावाने बोली लावतात. मुदत संपताना ज्याची बोली सगळ्यात वर, त्याची वस्तू. तोवर गिऱ्हाइकाचं खरं नाव, पत्ता मला कळत नाही. प्रश्न विचारायचे तेही साइटवरच. आणि पैसे? ते एका तिसऱ्याच कंपनीकडे जातात. गिऱ्हाईक 'मिळालं, ठीक आहे' म्हणेपर्यंत ती कंपनी ते धरून बसते. म्हणजे माझी वस्तू गेली, त्याचे पैसे गेले, आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. एकाने पितळी डबा परत पाठवला, कारण लिहिलं, 'वस्तू जुनी निघाली.' अरे, जुनी म्हणूनच तर घेतलीस ना! पण कंपनीने त्याचे पैसे त्याला परत दिले.

या पैशांच्या कंपनीला मी मी आहे हेही मधूनमधून सिद्ध करून दाखवावं लागतं. एका कागदावर 'नंदा विलास परब' आणि बँकेत 'परब नंदा वि.' एवढ्यावर त्यांच्या मशीनला वाटलं, या दोन बायका आहेत. मग मोबाइलसमोर चेहरा धरून डोळे मिटा, उघडा, मान डावीकडे, मान उजवीकडे. मी हे करत असताना विलास मागे उभा राहून हसत होता. मशीनने सांगितलं, 'चौकटीत एकापेक्षा जास्त व्यक्ती आढळल्या.' मी त्याला उलथनं घेऊन अंगणात पिटाळला.

पण हे सगळं किरकोळ. खरी धमाल झाली ती बंबाच्या वेळी.

भांडुपचा इस्माईलभाई माझा नेहमीचा भंगारवाला. त्याच्याकडे मला एक तांब्याचा बंब मिळाला. आजच्या पोरांना बंब म्हटलं की आगीचाच आठवतो, म्हणून सांगते. पूर्वी आंघोळीचं पाणी यात तापायचं. उंच, गोल, मोठ्या घागरीएवढं भांडं. मधून नळकांडं जातं, त्यात खालून निखारे घालायचे. बाहेर चहूबाजूंनी पाणी, आणि पाणी काढायला पुढे पितळेची तोटी. हा बंब काळाकुट्ट होता, आत कुणीतरी मनीप्लांट लावलेला, मातीसकट. तोटीच्या खाली एक पोचा. पण काठावर जुन्या पद्धतीने ठोकून कोरलेली अक्षरं होती, 'ज. वि. दि.' घासता घासता तो असा काही लालबुंद उजळला की शेजारणी बघायला आल्या.

मी फोटो टाकले. पोचा दिसू नये अशा बेताने. म्हणजे लपवला नाही, खाली लिहिलं होतं 'किरकोळ पोचे', पण दाखवलाही नाही.

पहिल्याच दिवशी 'मुलुंडचा वाघ' नावाने प्रश्न आला, 'तोटीखाली पोचा आहे का?'

मी चपापले. याला कसं कळलं? मी प्रामाणिकपणे 'हो' म्हटलं. वाटलं, गेलं गिऱ्हाईक. तर त्याने लगेच बोली लावली! दुसऱ्या दिवशी 'प्राजक्त' नावाने प्रश्न. 'तोटीच्या खाली आंब्याच्या कोयीएवढा पोचा आहे ना? असला तरच मला हवा आहे.'

इतक्या वर्षांत पोचा असला तरच घेईन म्हणणारं गिऱ्हाईक मला भेटलं नव्हतं. आणि इथे एका बंबाला दोन!

रविवारी दुपारी मुदत संपायची होती. आम्ही जेवून मोबाइल मधे ठेवून बसलो. वाघाने बोली लावली की प्राजक्त वर जायची. प्राजक्त वर गेली की वाघ झेप घ्यायचा. मोबाइल टिंग टिंग करत होता आणि भाव फुगत होता. तांब्याच्या भावाच्या दुप्पट झाला, तिप्पट झाला. विलास पाटावरून उठून उभा राहिला. "गो, ह्यो बंब आसा काय सोन्याचो हंडो?" पाचपट झाला तेव्हा मी त्याचे दोन्ही हात धरून ओट्यावर फुगडी घातली. या वयात! समोर नव्याने राहायला आलेले काका विचारायला लागले, पोरीचं जमलं काय? आम्हाला पोरगी नाही, पण मी 'हो' म्हणाले.

आणि मुदत संपायला थोडासा वेळ असताना पडदा पांढरा झाला. मधोमध अक्षरं. 'संशयास्पद बोली आढळल्याने आपले खाते तपासणीसाठी थांबवण्यात आले आहे.'

खाली कारण होतं. दोन्ही बोलीदार एकाच इंटरनेटवरून बोली लावत आहेत. म्हणजे त्यांच्या मते दोन्ही बोलीदार खोटे, आणि भाव फुगवायला मीच ते उभे केलेले. दुसरं पत्र पैशांच्या कंपनीचं. साइटने खातं थांबवलं म्हणून त्यांनी माझ्या आधीच्या विक्रीचे पैसेही थांबवले. दिवाळी तोंडावर, निम्म्या वर्षाची विक्री याच दिवसांतली. आठवड्याच्या आत खुलासा झाला नाही तर खातं कायमचं बंद. इतक्या वर्षांचे चांगले अभिप्राय, तारे, सगळं धुऊन जाणार. एकदा बंद झालं की त्याच माणसाला दुसरं खातंही काढता येत नाही. वाट लागली म्हणतात ती ही.

मी मदतीसाठी लिहायला बसले. मदतीला 'रिया' असते. रिया म्हणजे मशीन.

मी लिहिलं, 'मी काहीही खोटं केलेलं नाही.'

'तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल मला वाईट वाटतं. मी तुम्हाला कशी मदत करू?'

'मला माणसाशी बोलायचंय. माणूस हवाय.'

'नक्कीच! तुम्हाला "माणूस" ही वस्तू विकायची आहे की खरेदी करायची आहे?'

विलास म्हणाला, "इकूचो आसा म्हणान सांग. माझो फोटो घाल." मी त्याच्याकडे असं बघितलं की तो गप्प चहा करायला गेला.

शेवटी मला एक बटण दिसलं, 'मला साइट सोडायची आहे.' रागाने दाबलं. आणि काय सांगू, पाच मिनिटांत फोन वाजला. जिवंत माणसाचा! मदत मागितली तेव्हा कुणी नाही, आणि निघते म्हटल्यावर लगेच हजर. फोनवर प्रीती नावाची मुलगी होती, गोड हिंदी बोलणारी. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, मैं मानती हूँ आपकी बात. लेकिन सिस्टम नहीं मानता." उपाय एकच. दोन्ही बोलीदारांनी ओळखपत्र घेऊन व्हिडिओ कॉलवर माझ्याबरोबर एकाच वेळी बसायचं. एका चौकटीत, तिघं. तरच ते दोन वेगळी माणसं आहेत हे सिद्ध होणार.

"पण त्यांची नावं-पत्ते?"

"वो तो हम नहीं दे सकते, मॅडम. प्रायव्हसी है."

म्हणजे ज्यांना मी ओळखते असा आरोप, त्यांना मी शोधून आणायचं, आणि ते कोण हे मात्र मला सांगणार नाहीत.

मग डोक्यात प्रकाश पडला. पोचा! फोटोत नसलेला पोचा ज्यांना माहीत, ते त्या बंबाच्या जुन्या घरातलेच कुणीतरी असणार. मी थेट भांडुपला इस्माईलभाईकडे गेले. "बंब कुठून उचलला होतास?" तो दाढी खाजवत हसला. "मुलुंड, तलाव के पास. दिघे करके हैं. जाओ ताई, जाओ, मजा आएगा." जास्त काही सांगेना.

मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर 'दिघे' पाटीखालची बेल वाजवली. साठीच्या पुढच्या, बारीक चणीच्या बाईंनी दार उघडलं. मी म्हटलं, "नमस्कार, मी दहिसरहून आले. बंबाच्या..."

पुढचं बोलूच दिलं नाही. माझा हात धरून त्या मला जिन्यात घेऊन आल्या, दार ओढून घेतलं. "हळू बोला हो! हे आत आहेत!"

याच प्राजक्त. नाव पुष्पाताई. जिन्याच्या पायरीवर बसून कुजबुजत त्यांनी सांगितलं. यजमान पंधरा दिवस कोकणात गेले होते. बाल्कनीतल्या त्या बंबात मनीप्लांट लावला होता, त्यावर पावसाचं पाणी साचून डास व्हायचे, सोसायटीची नोटीस आली, आणि वैतागून त्यांनी तो भंगारवाल्याला दिला. "ह्यांच्या आईचा होता. जयवंती विठ्ठल दिघे. हे आले, बाल्कनीत गेले, परत आले. एक अक्षर बोलले नाहीत. त्या दिवसापासून जेवतात, पेपर वाचतात, झोपतात. भांडले असते तर बरं झालं असतं हो. मी इस्माईलभाईला गाठलं, त्याने तुमची साइट सांगितली. त्यांच्या नकळत आणून जागेवर ठेवायचा होता. पण कुणी तरी मेला वाघ आडवा येतोय!"

मी त्यांना सगळं सांगायला तोंड उघडलं आणि आतून "पुष्पा, कोण आहे?" अशी हाक आली. त्या घाईने म्हणाल्या, "शपथ आहे तुम्हाला. ह्यांना कळू देऊ नका." आणि आत गेल्या.

मी खाली गेटपर्यंत पोहोचते तोच मागून सपाता फटफटवत एक उंच गृहस्थ धावत आले. धापा टाकत म्हणाले, "बाई, तुम्ही... बंबवाल्या ना? गॅलरीतून पिशवीवरचं नाव वाचलं. मी मोहन दिघे. वाघ!"

माझी पॅकिंगची पिशवी, तिच्यावर मी साइटवरचं दुकानाचं नाव रंगवलेलं. मी हसू दाबत म्हटलं, "काका, तुम्ही कशाला बोली लावताय?"

"हळू! ही वरून ऐकेल." ते मला पाण्याच्या टाकीमागे घेऊन गेले. "मी आलो तर बंब नाही. हिचा चेहरा बघितला आणि कळलं, हिनेच दिला, आणि आता मन खातंय तिला. काही बोललो असतो तर रडली असती. वर्षानुवर्षं मीच म्हणत होतो ना, बाल्कनी रिकामी कर. म्हटलं गुपचूप परत आणावा, जागेवर ठेवावा, विषयच नको. भंगारवाल्याला शपथ घातलीय. पण ही कोण प्राजक्त आहे, भलतीच चिवट बाई!"

मी तिथे, टाकीला टेकून, अक्षरशः डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. रविवारी दुपारी हे बेडरूममध्ये, त्या स्वयंपाकघरात, मधे एक भिंत, आणि दोघं एकमेकांवर बोली लावत होते. यांचा फोन वाजला की त्यांना वाटे पेन्शनर मंडळाचा ग्रुप, त्यांचा वाजला की यांना वाटे भजनी मंडळ.

"काका, सरळ बोलून टाका ना घरात."

"छे छे! तुम्हाला शपथ आहे."

आता दोन शपथा माझ्या गळ्यात आणि खातं फासावर. प्रीतीला फोन करून विचारलं, दोघांचे वेगवेगळे कॉल चालतील का? "नहीं मॅडम, एक ही फ्रेम में." मग मी काय केलं? शब्द पाळला. कुणालाही काहीही सांगितलं नाही. फक्त इस्माईलभाईकडून दोघांचे नंबर घेतले आणि पुष्पाताईंना फोन केला, गुरुवारी सकाळी ओळखपत्र घेऊन माझ्या घरी या, साइटला दाखवायचंय. आणि मग काकांना तोच फोन केला.

गुरुवारी काका आधी आले. घरी बँकेत जातो म्हणून सांगितलेलं. बंब हॉलच्या मधोमध चमकत होता. ते त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसले आणि तोटीवर हात ठेवला, तो काढलाच नाही. मोबाइलवर प्रीती आली. आणि बेल वाजली.

खिडकीतून विलासने बघितलं, पुष्पाताई. तो इतका घाबरला की काकांना दंडाला धरून म्हणाला, "साहेब, चला, आमची मोरी बघा!" आणि बिचाऱ्यांना न्हाणीघरात ढकलून बाहेरून कडी लावली. मी सांगितलं नव्हतं असं काही. त्याला वाटलं, नाटकात असंच करतात.

पुष्पाताई आत आल्या. "भिशीला जाते म्हटलं," असं म्हणत बंबाकडे बघून थबकल्या. प्रीती विचारायला लागली, "मॅडम, दूसरे बिडर कहाँ हैं?"

मी कडी काढली.

काका बाहेर आले. पुष्पाताईंनी वळून बघितलं.

"तुम्ही? बँकेत ना?"

"आणि तू भिशीला?"

"वाघ तुम्ही?" पुष्पाताईंचा आवाज चढला. "साधा गरमागरम भात नीट खाता येत नाही, आणि वाघ?"

"प्राजक्त!" काका म्हणाले. "तरी म्हटलं, इतका हट्टी माणूस जगात दुसरा कोण असणार!"

मी हसणार होते, पण पुष्पाताईंचा चेहरा बदलला. त्या खाली बसल्या आणि पदर तोंडाला लावला. "मी चुकले हो. आईंची वस्तू... मला विचारायला हवं होतं. तुम्ही काहीच बोलला नाहीत, तेव्हा वाटलं, आता हे माझ्याशी कधीच नीट बोलणार नाहीत."

काका खाली बसायला लागले, गुडघे दुखत असावेत, बंबाचा आधार घेऊन बसले. "मला बंबाचा राग नव्हता गं. तू घरभर चोरासारखी फिरत होतीस, ते बघवत नव्हतं."

"मग तसं बोलायचं की!"

"तू तरी कुठे बोललीस?"

मोबाइलवरून मुसमुसण्याचा आवाज आला. बघतो तर प्रीती डोळे पुसत होती आणि मागे तिच्या ऑफिसातली आणखी चार डोकी दाटीवाटीने उभी होती. मग तिने घसा साफ केला, समोरचं काहीतरी वाचत एकदम सरकारी आवाजात विचारलं, "तो क्या आप दोनों पुष्टि करते हैं कि आप दो अलग-अलग व्यक्ति हैं?"

पुष्पाताईंनी नाक पुसलं. "अगं बाई, लग्न झाल्यापासून मी हेच तर सिद्ध करत आलेय!"

तिकडे ऑफिसात जो हशा उसळला, तो आमच्या शेजारच्या घरापर्यंत गेला असणार. संध्याकाळी खातं उघडलं. पैशांच्या कंपनीला आणखी चार दिवस लागले, आणि त्याआधी मला पुन्हा एकदा डोळे मिटून उघडून दाखवावे लागले.

सौद्याचं काय? नवरा-बायकोने एकमेकांच्या चढाओढीत वाढवलेला भाव मी घेणं शक्यच नव्हतं. काका चेकबुक काढून बसले होते, पुष्पाताई पर्समधली नोटांची घडी उलगडत होत्या, आणि पैसे कोणी द्यायचे यावर तिथे पुन्हा बोली सुरू झाली. मी इस्माईलभाईला दिलेले तेवढे घेतले आणि लिलाव रद्द केला. साइटने लगेच माझा अर्धा तारा कापला, कारण 'विक्रेत्याने व्यवहार पूर्ण केला नाही.' तो अर्धा तारा अजून परत मिळालेला नाही. पाचपट भावाची आठवण आली की अजूनही काळजात बारीकशी कळ येते, खोटं कशाला बोलू? त्या पैशांत बदलणार होते तो फ्रिजही जुनाच आहे.

विलासने नाक्यावरून रिक्षा आणली. रिक्षावाला बंब बघून म्हणाला, "ये गॅस का है क्या? फटेगा तो नहीं?" त्याची समजूत घालता घालता घाम निघाला. मी जुन्या चादरीत गुंडाळून, सुतळीने आवळून, बंब मागच्या सीटवर मधोमध बसवला. एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला पुष्पाताई, दोघांचा एकेक हात बंबाच्या गळ्यात.

"बाल्कनीत नाही ठेवायचा," पुष्पाताई म्हणाल्या. "डास होतात."

"मग कुठे, डोक्यावर?"

"हॉलमध्ये. टीव्हीच्या बाजूला."

"टीव्ही दिसेल का मग?"

"नाही दिसला तर कुठे बिघडतंय? बातम्या बघून कोणाचं भलं झालंय?"

रिक्षा सुरू झाली. पुढचं ऐकू आलं नाही. कोपऱ्यावर वळताना पाठच्या काचेतून दिसलं, दोघं बंबाच्या वरून एकमेकांकडे माना काढून, हातवारे करत, एकाच वेळी बोलत होते.